बाजूला ठेवलेले सहा महिने

टायरच्या दुकानाला लागून एक अरुंद जिना वर जातो. वर डाव्या हाताच्या दाराआड दोन खोल्या आहेत आणि त्या दोन खोल्यांत एक संस्था चालते. काम सांगायला सोपं आहे. ज्यांच्या किडन्या निकामी झाल्या आहेत, ज्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं, अशा माणसांना घरून हॉस्पिटलात न्यायचं, मशीनवरचे चार तास संपले की परत घरी आणून सोडायचं, आणि त्याचा एक पैसाही घ्यायचा नाही. त्यासाठी दोन गाड्या आहेत, दोन ड्रायव्हर आहेत, फोनवर बसणारी एक बाई आहे, एक अध्यक्ष आहेत आणि एक खजिनदार आहेत. खजिनदार म्हणजे वहिनी.

वहिनी खरं तर फक्त अध्यक्षांच्या. थोरल्या भावाची बायको. पण अध्यक्ष दिवसभर "वहिनी, अहो वहिनी" करत फिरायचे. ते ऐकून ड्रायव्हर वहिनी म्हणायला लागले, मग पेशंट, मग बँकेतला शिपाईसुद्धा. पाठीमागे त्यांना 'कुलूपवहिनी' म्हणत. हे त्यांच्या कानावर होतं. "म्हणू देत," त्या म्हणायच्या. "चावी म्हणाले असते तर काळजी वाटली असती."

पैशांच्या बाबतीत त्यांचं मापच वेगळं होतं. बाकी जग पैसे आकड्यांत मोजतं, वहिनी महिन्यांत मोजायच्या. डिझेल, पगार, खोल्यांचं भाडं, गाड्यांची देखभाल, विमा, हा सगळा महिन्याचा खर्च म्हणजे त्यांचा एक 'महिना'. कुणी विचारलं, "वहिनी, संस्थेची शिल्लक काय?" की उत्तर यायचं, "साडेचार महिने." नवीन माणूस गडबडायचा. बँकेत बदलून आलेल्या एका तरुण मॅनेजरने तर हे ऐकून आधी त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं होतं आणि मग, काही न सुचून, "अभिनंदन" म्हटलं होतं.

त्यांची उभी हयात बटणांच्या दुकानात गेली. बटणं, लेस, दोरे, हुक, चेन. दुकान नवरा-बायको दोघं मिळून चालवायचे. म्हणजे नवरा गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा आणि वहिनी दुकान चालवायच्या. मग नवऱ्याच्या किडन्या गेल्या. तेव्हा धाकटे दीर धावून आले. हे भाऊजी, म्हणजेच आताचे अध्यक्ष, धंद्याने फोटोग्राफर. माणूस असा की रुसलेल्या पोरालाही कॅमेऱ्यासमोर हसवील, आणि त्या फोटोचे मिळालेले पैसे घरी पोचेपर्यंत वाटेतल्या चार जणांना चहा पाजून संपवील. पण भावाच्या बाबतीत तो माणूस घड्याळासारखा वागला. स्वतःच्या खटारा गाडीत कॅमेऱ्याच्या पेट्या मागे लोटून त्यांनी भावाला आठवड्यातून तीनदा नेलं आणि आणलं, तो जाईपर्यंत.

त्या येरझाऱ्यांत त्यांनी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं पाहिली. मशीनवरून उठलेली, डोकं गरगरतंय, हातावर कापसाचा बोळा चिकटवलाय, आणि परत जायला वाहन मिळत नाही. भाऊ गेल्यावर वहिनींनी दुकान विकलं, आणि वर्षाच्या आत भाऊजींनी ओळखीपाळखीतून पैसे जमवून एक गाडी उभी केली. खजिनदार कोण, असा प्रश्न आला तेव्हा ते म्हणाले, "घरातलं माणूस बरं. वहिनी शांत आहेत, सही करा म्हटलं की करतील."

आयुष्यात भाऊजींचे अंदाज पुष्कळ चुकले, पण इतका साफ कुठलाच चुकला नाही.

सुरुवातीला मात्र वहिनी खरंच गप्प होत्या. पैसे यायचे आणि जायचे. संस्थेला दोन वर्षं झाली तेव्हा भाऊजींनी मोठा समारंभ केला. हॉल घेतला, दीडशे माणसांना जेवण दिलं, स्वतः काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन लावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खात्यात काही उरलं नाही, पण भाऊजी म्हणाले, "येतील की!" पुढच्याच आठवड्यात गाडीचा गिअरबॉक्स गेला. गॅरेजवाल्याने आधी पैसे मागितले. गाडी उभी राहिली.

कुणी टॅक्सी केली, कुणाला शेजाऱ्यांनी पोचवलं. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एक आजी होत्या, एके काळी शिवणकाम करायच्या, वहिनींच्या दुकानातून बटणं न्यायच्या. त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. दोन खेपा चुकल्या तर काय होतंय, म्हणून घरीच बसल्या. अंगात पाणी साचत गेलं, श्वास लागला, आणि शेजारणीने दार ठोठावलं तेव्हा त्यांना बोलताही येत नव्हतं.

आजी वाचल्या. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर वहिनी बसून होत्या. आत सोडलं तेव्हा आजींनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "गाडी आली का?"

वहिनी भाऊजींना एका शब्दाने बोलल्या नाहीत. पुढच्या बैठकीत फक्त एवढंच म्हणाल्या, "आजपासून जे काही येईल त्यातला दहावा हिस्सा बाजूला. वेगळ्या खात्यात. त्याला कुणी हात लावायचा नाही." भाऊजींनी मान खाली घालून होकार दिला. त्या दिवशी त्यांनी कशालाही होकार दिला असता.

मग सुरू झाला वहिनींचा नन्नाचा पाढा. जिन्याखाली दिव्यांची पाटी लावू या? नाही. ड्रायव्हरांना संस्थेच्या नावाचे शर्ट शिवू या? बटणं मी देईन, कापड त्यांचं. ऑफिसात एसी? खिडकी आहे. फोनवरच्या बाईंच्या खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता. त्यांनी तीन बैठकांत तक्रार केली. चौथ्या बैठकीला वहिनींनी पुठ्ठ्याची जाड घडी आणली, पायाखाली सारली आणि म्हणाल्या, "बसून बघा." बाईंनी बसून पाहिलं. डुगडुगणं थांबलं होतं, आता खुर्ची नुसतीच तिरकी होती.

भाऊजी कधीकधी अगदी काकुळतीला यायचे. "वहिनी, अहो पैसे असे कोंडून ठेवले तर त्यांचा उपयोग काय? आणखी दहा पेशंट घेता येतील त्यात."

"येतील की. आणि गाडी बंद पडली की दहा जास्त माणसं घरी अडकतील. घेतलेल्या माणसाला आज या, उद्या येऊ नका, असं म्हणता येतं का भाऊजी? त्याला किडनी नाहीये."

मग भाऊजी खिडकीतून खाली बघत उभे राहायचे आणि टायरवाल्याला उगाचच हात करायचे.

अशी वर्षं गेली. दुसरी गाडी आली, पालिकेचं अनुदान सुरू झालं. दर वर्षी मिळणारं ते अनुदान म्हणजे संस्थेचा मुख्य आधार. बाजूचं खातं सावकाश वाढत होतं. मधे एकदा त्याच खात्याने पंचाईतही केली. गाद्यांचे एक कारखानदार होते, मनाने मोठे आणि तोंडाने फटकळ. भाऊजींनी नाकदुऱ्या काढून त्यांना देणगीसाठी ऑफिसात आणलं. त्यांनी हिशेब चाळले आणि भुवया चढवल्या.

"तुमच्याकडे हे एवढे पडून आहेत? मग माझे कशाला हवेत? आधी हे संपवा, मग या."

भाऊजींचा चेहरा उतरला. वहिनींनी चष्मा कपाळावर सरकवला. "शेठ, कारखान्यात कापूस किती दिवसांचा ठेवता?"

"दीड-दोन महिन्यांचा. का?"

"रोजच्या रोज का नाही आणत? तेवढा पैसा मोकळा राहील."

"आणि गाडी नाही आली तर? यंत्रं थांबवू? कामगार बसवून ठेवू?" शेठ बोलून गेले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण कुठे येऊन उभे राहिलो. ते थोडे हसले, थोडे चिडले. शेवटी ठरवलं होतं त्याच्या निम्मे देऊन जिना उतरले.

"निम्मे गेले," भाऊजी कपाळाला हात लावून म्हणाले.

"निम्मे आले," वहिनी म्हणाल्या आणि त्यातला दहावा हिस्सा तिथल्या तिथे वेगळा काढला.

हे सगळं ठीक चाललं होतं. अडचण खरीखुरी आली तेव्हा मात्र एक भलतीच गोष्ट उघडकीला आली. कुलूप लावायला वहिनी तरबेज होत्या, पण ते उघडायचा सराव त्यांना अजिबात नव्हता.

झालं असं की पालिकेत कसलीशी फेररचना झाली. दोन खाती एक झाली, एकाची तीन झाली, आणि अनुदानाची फाइल कुठल्या टेबलाची यावर टेबलांचं एकमत होईना. "मंजूर आहे हो," तिथले साहेब सांगायचे. "फक्त सही राहिली आहे." सही कुणाची, ते मात्र ठरायचं होतं. पहिला महिना निघून गेला. चालू खात्याचा तळ दिसू लागला.

आता वहिनी काय करतील इकडे सगळ्यांचे डोळे लागले. वहिनींनी काटकसर केली. ऑफिसातला चहा बंद केला. स्वतः घरून थर्मास आणायला लागल्या आणि त्यातला अर्धा कप फोनवरच्या बाईंना मोठ्या मनाने देऊ लागल्या. दिवसा दिवे बंद. पंखा एकावर. रोज दुपारी विणकामाची पिशवी घेऊन त्या पालिकेत जाऊन बसायच्या, साहेबांच्या दाराच्या अगदी समोर. बोलायच्या काही नाहीत. साहेब जेवायला निघाले की सुया थांबवून त्यांच्याकडे बघायच्या. साहेब म्हणे मागच्या दाराने जायला लागले.

बाजूच्या खात्याचं नाव मात्र कुणी काढायचं नाही.

भाऊजींना नवल वाटत होतं. डिझेल येतंय, पगार थोडा उशिरा का होईना, झाला. हे कुठून होतंय? एक दिवस ते पेट्रोलपंपावर गेले तर पंपवाला म्हणाला, "तुमचं सगळं चुकतं झालंय. वहिनी स्वतः रोख देऊन गेल्या." भाऊजी तिथून तडक बँकेत गेले. बाजूच्या खात्याला कुणी शिवलेलंही नव्हतं. मग मात्र त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. जिना दोन-दोन पायऱ्या चढून ते वर आले.

"वहिनी, दुकान विकलं त्याचे पैसे तुम्ही संस्थेत घालताय?"

वहिनी चष्मा पुसत बसल्या. त्यांचा चष्मा इतका वेळ पुसण्याइतका कधीच मळलेला नसायचा.

"विचारतोय मी काहीतरी."

"घातले थोडे. अनुदान आलं की परत घेईन."

"आणि बाजूला ठेवलेले? इतकी वर्षं ज्यांच्यासाठी मला चार माणसांत गप्प बसवलंत ते?"

"ते अडचणीसाठी आहेत भाऊजी."

भाऊजींनी खोलीभर नजर फिरवली. बंद दिवे, एकावरचा पंखा, तिरक्या खुर्चीत बसून फोन कानाला लावल्याचं नाटक करत ऐकणाऱ्या बाई. "मग ही काय आहे? सहल?"

"ही लहान आहे. पुढेमागे मोठी आली तर?"

"किती मोठी यायला हवी? आधी कळवून येणार आहे का ती?" भाऊजींचा आवाज चढला. या घरात आल्यापासून वहिनींनी तो आवाज कधी ऐकला नव्हता. "छत्री काखेत धरून भिजत उभ्या आहात तुम्ही. आणि वर सांगताय, जोराचा पाऊस आला की उघडीन!"

वहिनी उठल्या, पिशवी उचलली आणि पालिकेत जायला निघून गेल्या. वाटेत त्यांना स्वतःचाच राग आला. भाऊजींचं चुकत नव्हतं, हे त्यांना कळत होतं. पण त्या खात्याकडे बघितलं की त्यांना महिने दिसायचे नाहीत, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे डोळे दिसायचे. त्यातला एक महिना कमी झाला की कुणीतरी पुन्हा दाराआड एकटं पडेल, असं त्यांना वाटायचं. ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. दाखवलं असतं तर भाऊजींनी नक्की समजूत घातली असती, आणि समजूत घातलेली वहिनींना अजिबात आवडत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसभाडं वाचवायला त्या संस्थेच्याच गाडीत पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. गाडी हॉस्पिटलाकडे जाताना पालिकेवरूनच जाते. हा ड्रायव्हर थोरला, पहिल्या गाडीपासूनचा. कुणाला कुठल्या हाताने धरायचं, कुणाच्या हाताला चुकूनही धक्का लागू द्यायचा नाही, परत येताना कुणाला चक्कर येते, कुणाला रडू येतं, सगळं त्याला पाठ. आज तो गप्प होता.

"काय रे, बरं नाही का?" वहिनींनी विचारलं.

"बरं आहे." मग एक सिग्नल गेल्यावर म्हणाला, "वहिनी, शाळेच्या बसवर जागा निघाली आहे. मला विचारलंय त्यांनी. मी अजून हो म्हटलेलं नाही. पण घरी दोन पोरींची फी आहे. मागच्या महिन्यात पगार लांबला. या महिन्यात होईल ना?"

वहिनी "होईल" म्हणाल्या, पण तोंडातल्या तोंडात.

मागे चार पेशंट होते. त्यांत एक शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक. त्यांना सगळे शिट्टीसर म्हणायचे, कारण शिट्टी अजून त्यांच्या गळ्यात असायची आणि गाडी यायला उशीर झाला की ते गॅलरीतून ती फुंकायचे. वहिनी पुढे बसल्या आहेत हे त्यांना दिसलं नव्हतं. उंच पाठीच्या सीटवर वहिनींचा अंबाडासुद्धा दिसत नसे.

"मी असं ठरवलंय," शिट्टीसर बाकीच्यांना सांगत होते, अगदी संघ निवडल्यासारखे. "संस्थेची ओढाताण चाललीय. आपण तिघंचौघं आलटून पालटून एकेक खेप सोडू. मी या आठवड्यात दोनदाच जाणार. पाणी कमी पितो, झालं. तेवढंच डिझेल वाचेल."

"डॉक्टर ओरडतील सर," कुणीतरी म्हणालं.

"डॉक्टरला सांगायचं कशाला? ताप आला म्हणायचं. कुणाला काही कळता कामा नये, काय?"

आणि मागच्या तिघांनी हळूहळू माना डोलावल्या. वहिनींना ते पुढच्या आरशात दिसलं.

"गाडी बाजूला घे," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

"पालिका अजून पुढे आहे वहिनी."

"मला पालिकेत जायचंच नाही. घे बाजूला." गाडी थांबली. वहिनी उतरल्या, मागचं सरकतं दार उघडलं. आत शिट्टीसर दचकले.

"सर, खेप सोडायची नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता आणि म्हणून त्या आणखीच करड्या आवाजात बोलल्या. "एकही नाही. ताप आला तर मी घरी थर्मामीटर घेऊन येईन, सांगून ठेवते."

"अहो, पण तुमचीच ओढाताण—"

"आमच्याकडे पाच महिने आहेत."

"आहेत?" शिट्टीसर बुचकळ्यात पडले. "मग वहिनी, तुम्ही चहा कशाला बंद केलात?"

वहिनींनी दार सरकवलं, गाडीला पुढे जायची खूण केली आणि रस्ता ओलांडून बँकेचा रस्ता धरला.

बँकेत खिडकीमागच्या मुलीने स्लिप पाहिली, वहिनींकडे पाहिलं, आणि अदबीने ती परत सरकवली. "वहिनी, चुकून काढायची स्लिप भरलीत."

"चुकून नाही."

"या खात्यातून?"

"याच."

मुलीने आतल्या बाईंना बोलावलं. आतल्या बाईंनी विचारलं, "सगळं ठीक आहे ना? कुणी दबाव वगैरे?" वहिनींनी कपाळाला आठ्या घालून सही केली. सही रोजच्यापेक्षा वाकडी आली, म्हणून ती ताडून बघायला आणखी वेळ गेला.

त्या दुपारी दोन्ही ड्रायव्हरांचे पगार झाले, पंपावर आगाऊ रक्कम गेली आणि ऑफिसात चहा आला. थोरल्या ड्रायव्हरने शाळेच्या बसवाल्यांना 'नाही' म्हणून कळवून टाकलं. भाऊजींनी चहाचा कप हातात घेतला आणि शेवटच्या घोटापर्यंत संपवला. जाताना म्हणाले, "वहिनी, तुमचे स्वतःचेही आजच परत घ्या. पदरमोड केलेली संस्थेला परवडत नाही. उद्या तुम्ही नसाल तेव्हा खजिनदाराला दुकान कुठून आणायचं?"

वहिनींनी घेतले. जड हाताने घेतले, पण घेतले.

पुढचे महिने त्यांना फार जड गेले. पाचाचे चार झाले, चाराचे तीन. प्रत्येक वेळी बँकेतून आल्या की तासभर त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. दोनाचा दीड झाला तेव्हा त्यांनी पालिकेच्या साहेबांसाठी विणलेला स्वेटर त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. "तुमच्या दारात बसून झाला आहे," त्या म्हणाल्या. "आता टोपी सुरू करते." साहेबांनी स्वेटर घेतला नाही, नियमात बसत नव्हतं, पण ते खजील झाले आणि स्वतः उठून फाइल घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. महिनाअखेरीला अनुदान आलं, सगळं थकलेलं एकदम.

तोपर्यंत बाजूच्या खात्यात कसाबसा एक महिना उरला होता. पण गाडी एकदाही चुकली नव्हती. शिट्टीसरांनी खेप सोडली नव्हती. एकदा खरंच ताप आला होता, तेव्हा वहिनी थर्मामीटर घेऊन पोचल्या आणि आपण इतक्या संशयी कशा, याची त्यांना थोडी लाज वाटली.

अनुदान आलं त्या आठवड्यात गाद्यांचे कारखानदार जिना चढून आले. दम लागला होता. खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "किती महिने उरले?"

"एक," वहिनी म्हणाल्या.

"ऐकलं मी. गाडी थांबली नाही म्हणे." त्यांनी खिशातून चेकबुक काढलं. "माझा एक महिना लिहा. राहिलेलं निम्मं धरा त्यात, आणि वर जे होईल ते." भाऊजी लगेच आभाराचा छोटासा समारंभ करू या म्हणाले. शेठ आणि वहिनी दोघंही एकाच वेळी "नको" म्हणाले.

यातून वहिनी एक गोष्ट शिकल्या आणि शिकल्या ते त्यांनी सगळ्यांसमोर मान्य केलं, हेच मोठं. बैठकीत त्या म्हणाल्या, "हे खातं एकट्या माझ्या हाती नको. मला उघडता येत नाही, आणि भाऊजींना बंद करता येत नाही. तेव्हा नियम करू." तो नियम तिथेच ठरला. अनुदान लांबलं, गाडी मोडली किंवा देणगी आटली, तर वहिनी, भाऊजी आणि फोनवरच्या बाई अशा तिघांनी मिळून आठ दिवसांत खातं उघडायचं. अडचण मोठी की लहान, यावर वाद घालायचा नाही. वापरलेलं आधी भरून काढायचं, मग बाकीच्या हौशी. आणि खात्यात सहा महिन्यांपुरते झाले की पुरे. त्यावर येईल ते कामाला लावायचं. नाहीतर लोक पेशंटसाठी देतात आणि आपण खात्याचं बाळसं बघत बसतो. हे शेवटचं वाक्य वहिनींचंच. ते ऐकून भाऊजींनी कान खाजवला.

खातं भरायला तीन वर्षं लागली. सहा महिने पुरे झाले आणि वर पैसे यायला लागले, तेव्हा वहिनींनी एकदा प्रयत्न करून पाहिला. "सहा म्हणजे काय, साडेसहासुद्धा सहाच धरतात." पण नियमाखाली त्यांची सही सगळ्यांत ठसठशीत होती. मग त्यांनी स्वतःच सुचवलं की दुसऱ्या गाडीला मागच्या बाजूला यंत्राची लिफ्ट बसवू. चाकाची खुर्ची उचलून उचलून ड्रायव्हरांच्या कमरा गेल्या होत्या. भाव करायला त्या स्वतः गेल्या. लिफ्टवाला नंतर भाऊजींना म्हणाला, "असली बाई मी आमच्या धंद्यात पाहिली नाही." भाऊजी म्हणाले, "आम्ही घरात पाहिली आहे."

लिफ्ट बसली त्या सकाळी सगळे खाली जमले. पहिला माणूस म्हणून चाकाच्या खुर्चीत कुणाला बसवायचं? पेशंटवर प्रयोग नको, असं ठरलं, आणि सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसल्या. ड्रायव्हरने चाकं अडकवली, भाऊजींनी बटण दाबलं. लिफ्ट गुरगुरत वर निघाली आणि अर्ध्यावर, जमिनीपासून चांगली कमरेएवढ्या उंचीवर, थांबली.

"काय झालं?" वहिनी वरून म्हणाल्या.

"काही नाही, काही नाही," भाऊजी बटणं दाबत म्हणाले. टायरवाला दुकानातून बाहेर आला. फोनवरच्या बाई खिडकीतून वाकून बघत होत्या.

"भाऊजी, याच्या दुरुस्तीचा करार केलात ना? वर्षभराचा?"

भाऊजींनी पुन्हा बटण दाबलं.

"केलात ना?"

"उद्या करणार होतो."

वहिनी वरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. बघता बघता त्यांना हसू फुटलं आणि मग ते आवरेना. खुर्ची हलायला लागली तसा ड्रायव्हर घाबरून ओरडला, "वहिनी, हलू नका!" त्या तोंडावर हात दाबून, डोळे पुसत, अधांतरी बसून राहिल्या. लिफ्टवाल्याला फोन गेला. तो येईपर्यंत कुणीतरी शिडी आणायला धावलं, आणि भाऊजींनी मात्र कॅमेरा काढला.